फोटो झूम करताना नक्की काय मोठं होतंय? १००% चा अर्थ, आणि खटक्यावरची बटणं

"भावा, झूम केला की फोटो फाटतोय बघ, जरा क्लियर करून दे की." कोल्हापुरात अल्बमचं, फ्लेक्सचं किंवा स्टुडिओचं काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य पाठ असतंय. आणि ह्यावर आपण पहिला प्रश्न विचारायला पाहिजे तो असा, की किती झूम केला? समोरचा म्हणतो, "लई नाही, थोडासाच." आता हा थोडासा म्हणजे १००% आहे, ४००% आहे की मोबाईलवर दोन बोटांनी ताणून ताणून डोळ्यातली शीर दिसेपर्यंत गेलेला थोडासा आहे, ह्यावर फोटो खराब आहे की फोटो बरा आहे आणि बघणाराच लई आत शिरलाय हे ठरतंय.

म्हणून शॉर्टकट सांगायच्या आधी त्या आकड्याचं बघू. फोटोशॉप उघडल्यावर खाली डाव्या कोपऱ्यात एक टक्क्यांचा आकडा दिसतो, तोच. बऱ्याच जणांना वाटतं १००% म्हणजे अख्खा फोटो स्क्रीनवर दिसला. तसं नाहीये. फोटो हा बारक्या बारक्या चौकोनांचा बनलेला असतो, त्यांना पिक्सेल म्हणतात, तुमची स्क्रीन पण तशाच चौकोनांची असते, आणि १००% म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या बरोबर एका पिक्सेलवर बसला. बास. आता २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो आणि आपली नेहमीची फुल एचडी स्क्रीन १९२० बाय १०८०, मग अख्खा फोटो त्यात बसवायचा म्हटल्यावर जास्तीत जास्त २७% ला बसणार, आणि बाजूला लेयर आणि टूलची पॅनेल उघडी असली की अजून खाली, वीस-बावीस टक्क्यांवर. २५% धरला तरी फोटोतले सोळा पिक्सेल मिळून स्क्रीनवर एक ठिपका होतोय. सोळातले पंधरा तुम्हाला दिसतच नाहीत म्हणा ना. फोकस थोडा हललाय, अंधारात काढल्यामुळे दाणे आलेत, कपाळावर एक केस आडवा आलाय, हे सगळं त्यात लपून जातंय. म्हणून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर झकास दिसलेला फोटो कॉम्प्युटरवर १००% ला बघितला की तोंड उतरतंय.

१००% च्या वर गेलं की उलटा कारभार सुरू. २००% ला फोटोच्या एका पिक्सेलला स्क्रीनचे चार चौकोन मिळतात, ४००% ला सोळा. नवीन काहीच दिसत नाही, आहे तेच मोठं होतंय. फोटोशॉपमध्ये ५००% च्या पुढं गेलात की पिक्सेलमध्ये बारीक जाळी पण दिसायला लागते. फोटोशॉपच्या जुन्या सीएस ६ व्हर्जनपर्यंत ३२००% ही शेवटची पायरी होती, आताच्या व्हर्जनला १२८००% पर्यंत जाता येतं, म्हणजे अख्ख्या स्क्रीनच्या रुंदीत फोटोचे फक्त पंधरा पिक्सेल! तिथं जाऊन कोण काय करतो देव जाणे, पण जाता येतंय.

अजून एक गोंधळ असतो तो इथंच मिटवू. झूम केल्याने फाईलला काहीही होत नाही. ८००% ला ठेवून सेव्ह केला काय आणि १०% ला ठेवून सेव्ह केला काय, फाईल तीच. फोटो खरोखर मोठा किंवा लहान करायचा असेल तर ते इमेज साईजचं काम (कंट्रोल, ऑल्ट आणि आय), आणि कडा कापायच्या असतील तर क्रॉप. झूम म्हणजे फक्त तुम्ही किती जवळ जाऊन बघताय ते. जुन्या काळी थिएटरसाठी बॅनर रंगवणारे पेंटर नाकाची एक बाजू रंगवली की शिडीवरून उतरून रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघायचे आणि परत चढायचे, तेवढंच काम हे, फक्त आपल्याला शिडी नाही, बटण आहे.

आणि ते उतरून लांब जाणं हेच आपल्याकडे कोणी करत नाही. झूम इन सगळ्यांना येतं. झूम आऊट करायचा कंटाळा. एकदा नवरीच्या गालावर ३००% ला शिरलं की पंधरा मिनिटं तिथंच, एकेक छिद्र बुजवत, आणि बाहेर येऊन बघावं तर गाल प्लॅस्टिकचा झालेला. नवरीच्या आईला मग फोटोतली ही पोरगी कोण असं वाटतंय.

ह्याचं गणित सोपं आहे, एकदा समजून घ्या. लग्नाच्या अल्बमचं पान १२ बाय ३६ इंच आणि ३०० रेझोल्युशन धरलं तर ते ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतं. छापताना एका इंचात ३०० पिक्सेल बसणार. तुमच्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेलच असतात. म्हणजे ३१% झूमला ते पान स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढंच ते कागदावर असणार आहे. १००% ला तुम्ही तिप्पटीहून मोठं बघताय आणि ३००% ला जवळजवळ दहापट. दहापट मोठ्या केलेल्या गालावरचा जो डाग तुम्ही जीव तोडून काढताय तो अल्बममध्ये कुणाच्या बापाला दिसणार नाही. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूत प्रिंट साईज म्हणून एक ऑप्शन ह्याच्यासाठीच आहे, पण तो बरोबर चालायला प्रेफरन्सेसमधल्या युनिट्स अँड रुलर्समध्ये जाऊन स्क्रीन रेझोल्युशन आपल्या मॉनिटरप्रमाणे भरावं लागतं, तिथं आधीपासून ७२ असतं ते बदलून ९२ करा. मॉनिटर वेगळा असेल तर आकडा वेगळा, मापपट्टी घेऊन स्क्रीनची रुंदी इंचात मोजा आणि स्क्रीनच्या रुंदीतल्या पिक्सेलना (फुल एचडीला १९२०) त्याने भागा.

हेच गणित फ्लेक्सला उलटं चालतं आणि तिथं लई उपयोगी पडतं. समजा चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दादांचा फोटो पाच फूट रुंद लावायचाय आणि कार्यकर्त्याने जो फोटो पाठवलाय तो १६०० पिक्सेल रुंद आहे. पाच फूट म्हणजे साठ इंच, १६०० भागिले ६०, इंचाला सव्वीस-सत्तावीस पिक्सेल. मॉनिटरच्या ९२ ला त्याने भागलं की साधारण ३.५, म्हणजे ३५०% झूमला तुमच्या स्क्रीनवर तो फोटो फ्लेक्सवर असेल त्याच साईजचा दिसतोय, अर्थात त्याचा एक तुकडाच. आता खुर्ची मागं सरकवा आणि दहा-पंधरा फूट लांब जाऊन बघा. जवळून भयानक दिसणारा फोटो तिथून बरा दिसला तर चौकातपण बरा दिसणार, कारण फ्लेक्स कोण नाक लावून बघत नाही. तिथूनपण फाटलेला दिसला तर सरळ फोन करा आणि मूळ फोटो मागवा, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणावं, साधा पाठवला की बारीक होऊन येतोय.

बरं, आता बटणं. पद्धती ढीगभर आहेत, सगळ्या पाठ करायच्या नाहीत. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, आणि हातातलं टूल न सोडता आत-बाहेर करता आलं पाहिजे, ह्या कसोटीवर ज्या टिकतात त्या ठेवायच्या. मॅकवाल्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन समजावं.

सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे कंट्रोल प्लस आणि कंट्रोल मायनस. लॅपटॉपला वेगळा नंबरपॅड नसेल तर बॅकस्पेसच्या शेजारचं बरोबरच्या चिन्हाचं बटण प्लस म्हणून चालतंय, शिफ्ट दाबायची गरज नाही. पण ह्याची एक खोड आहे, ते स्क्रीनच्या मधोमध झूम करतं, तुम्हाला पाहिजे त्या जागी नाही. नवरीची नथ वरच्या कोपऱ्यात असेल तर तीन वेळा प्लस दाबल्यावर स्क्रीनवर पदर येतो, नथ गायब, मग शोधत बसा.

त्यापेक्षा ऑल्ट दाबून माऊसचं चाक फिरवा. कर्सर जिथं आहे तिथंच झूम होतं. कर्सर नथीवर नेला, ऑल्ट, चाक पुढं, थेट नथीत. चाक मागं, बाहेर. मला विचाराल तर एवढी एकच पद्धत शिकली तरी निम्मं काम झालं. ऑल्ट पण दाबायचा कंटाळा असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली झूम विथ स्क्रोल व्हील अशी टिक आहे, ती केली की नुसत्या चाकाने झूम होतं, मग वर-खाली सरकवायला स्पेसबार वापरायचा.

स्पेसबारचं सांगतोच. कुठलंही टूल हातात असू दे, स्पेसबार दाबून धरला की हाताचा पंजा येतो, फोटो धरून पाहिजे तिकडं ओढायचा, स्पेस सोडला की परत आपलं टूल. बाजूच्या स्क्रोलबार धरून फोटो सरकवणारी माणसं अजून दिसतात, त्यांच्याकडे बघून जीव कासावीस होतो. आणि कंट्रोल धरून त्यावर स्पेस दाबला की तोच पंजा भिंग होतो. भिंगाने क्लिक केलं की आत, ऑल्टपण दाबला की बाहेर. भिंग हातात असताना वरच्या पट्टीत स्क्रबी झूम अशी टिक दिसते, ती चालू असेल तर क्लिक धरून उजवीकडं ओढा, फोटो जवळ येतो, डावीकडं ओढा, लांब जातो, अगदी मख्खनसारखं. हे २०१० च्या सीएस ५ पासून आहे. ज्यांच्याकडं ती टिक करडी दिसते आणि लागत नाही त्यांनी प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली ग्राफिक्स प्रोसेसर चालू आहे का ते बघावं, बहुतेक तिथंच गाडी अडलेली असते. जुन्या लोकांना मात्र स्क्रबी आवडत नाही, त्यांना भिंगाने चौकोन ओढायचा असतो, जेवढा चौकोन तेवढा भाग स्क्रीनभर. त्यासाठी स्क्रबीची टिक काढावी लागते. दोन्ही एकदम मिळत नाही.

उड्या मारायच्या तर दोन आकडे लक्षात ठेवा. कंट्रोल शून्य, अख्खा फोटो स्क्रीनमध्ये. कंट्रोल एक, सरळ १००%. माऊसनेच करायचं असेल तर टूलबारमधल्या पंज्यावर डबल क्लिक म्हणजे अख्खा फोटो आणि भिंगावर डबल क्लिक म्हणजे १००%. रिटचिंग करताना माझी बोटं कंट्रोल शून्यावर सारखी जातात. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! थोडं काम, कंट्रोल शून्य, बघितलं, परत आत.

परत आत जाताना तीच जागा सापडायला पाहिजे ना, तिथं एच कामाला येतं. आत झूम केलेलं असताना एच दाबून धरा आणि माऊसचं बटण पण दाबून धरा, फोटो झटकन लांब जाऊन अख्खा दिसतो आणि कर्सरभोवती एक चौकोन येतो, चौकोन पाहिजे त्या जागी न्या, माऊस सोडा, त्याच झूमला त्या नव्या जागी उतरलात. ग्रुप फोटोत पन्नास जणांचे चेहरे एकेक करून बघायचे असतील तर ह्यासारखं दुसरं काही नाही. ह्यालापण ग्राफिक्स प्रोसेसर चालू लागतो.

एक अडचण सगळ्यांना येते ती म्हणजे अक्षरं लिहिताना. टाईप टूलमध्ये कर्सर लुकलुकत असताना स्पेसबार दाबला तर पंजा येत नाही, नावात मोकळी जागा पडते, आणि झेड (भिंगाचं बटण) किंवा एच दाबलं तर ते अक्षर उमटतं. 'चि. सौ. कां.' च्या पुढं एखादं झेड छापून गेलेली पत्रिका कुठंतरी असणार ह्याची मला खात्री आहे. तिथं फक्त कंट्रोलवाले शॉर्टकट किंवा ऑल्ट आणि चाक. लेव्हल्स किंवा कर्व्हजची खिडकी उघडी असताना मात्र कंट्रोल प्लस-मायनस आणि स्पेसबार दोन्ही चालतात, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, ते बिचारे खिडकी कॅन्सल करून झूम करून परत उघडतात.

फोटोचा अगदी कोपरा साफ करायचा असेल आणि तो स्क्रीनच्या कडेला चिकटून बसला असेल तर एफ दाबा. फुल स्क्रीनमध्ये फोटो कडेच्या पलीकडंपण सरकतो, कोपरा मध्ये आणून आरामात काम करा. टॅब दाबला की पॅनेलं पण गायब, आणि परत दाबला की हजर.

आता जोतिबाचं उदाहरण घेतो, कारण झूमची खरी परीक्षा तिथं होते. चैत्र यात्रेला डोंगरावर जो गेलाय त्याला माहीत आहे, सासनकाठ्या नाचतायत, आकाश गुलालाने गुलाबी, आणि कॅमेरावाला त्यातच उभा. घरी येऊन फोटो उघडला की आकाशात शंभर ठिपके. ह्यातला गुलाल कुठला आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेली धूळ कुठली? गुलाल काढायचा नाही, तो तर फोटोचा जीव आहे. धूळ काढायची आहे. अख्खा फोटो बघून हे कळत नाही, १००% ला जावंच लागतं. सेन्सरवरची धूळ म्हणजे मऊ कडांचा करडा गोल ठिपका, अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक म्हणजे एफ ११ किंवा १६ ठेवलं असेल तर अजून उठून दिसतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फोटोत त्याच जागेवर असतो. गुलालाला रंग असतो आणि पुढच्या फोटोत तो कण त्या जागी नसतो.

मग काय करायचं, लागोपाठचे दोन फोटो उघडायचे, विंडो मेनूत अरेंजमध्ये जाऊन दोन्ही शेजारी-शेजारी लावायचे, एकाला १००% करून आकाशावर न्यायचं आणि तिथंच खाली मॅच ऑल दाबायचं. दुसरा फोटो त्याच झूमला त्याच जागी येतो. दोन्हीकडं ठिपका आहे, धूळ, उडवा. एकाच फोटोत आहे, गुलाल, जय जोतिबा, राहू दे. फक्त दोन्ही फोटो एकाच साईजचे आणि न कापलेले पाहिजेत.

आणि तपासताना इकडं-तिकडं भटकायचं नाही. होम दाबलं की फोटोचा वरचा डावा कोपरा, पेज डाऊन म्हणजे एक स्क्रीनभर खाली, कंट्रोल आणि पेज डाऊन म्हणजे एक स्क्रीनभर उजवीकडं, एंड म्हणजे खालचा उजवा कोपरा. असं पट्ट्या पट्ट्याने गेलं की काही सुटत नाही. लाईटरूम क्लासिक ह्या अडोबीच्याच दुसऱ्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये तर अजून मजा, नुसतं पेज डाऊन दाबत राहायचं, एक पट्टी संपली की ते आपोआप पुढच्या पट्टीच्या वर जाऊन उभं राहतं.

अजून एक जुगाड जो मला वाटतं प्रत्येक रिटचरने लावावा. विंडो, अरेंज, आणि त्यात सगळ्यात खाली न्यू विंडो फॉर करून तुमच्या फाईलचं नाव. हीच फाईल दुसऱ्या खिडकीत उघडते. कॉपी नाही, तीच. एक खिडकी २००% ला ठेवा आणि त्यात काम करा, दुसरी अख्खा फोटो दिसेल अशी बाजूला, किंवा दुसरा मॉनिटर असेल तर त्यावर. ठुशीची सावली गळ्यावर पडलीय आणि ती थोडी उजळायचीय, इकडं ब्रश फिरतोय आणि तिकडं त्याच क्षणी अख्ख्या चेहऱ्यात ते कसं दिसतंय ते कळतंय. सावली पूर्ण घालवली तर दागिना गळ्यावर ठेवल्यासारखा न दिसता चिकटवल्यासारखा दिसतो, आणि हे २००% ला कधीच लक्षात येत नाही. जागा कमी असेल तर नॅव्हिगेटर पॅनेल उघडा, त्यात छोटा अख्खा फोटो असतो आणि तुम्ही कुठं आहात तो लाल चौकोन, तो ओढूनपण फिरता येतं.

शार्पनिंग आणि नॉईज कमी करणं ही दोन कामं मात्र १००% लाच बघून करा, कमी झूमला स्क्रीनवरचं चित्र खोटं बोलतं. लाईटरूमवाल्यांना तर डिटेल पॅनेलमध्ये बारीक उद्गारचिन्ह येतं, ते हेच सांगत असतं की आधी १००% ला ये. तिथं झेड दाबलं की अख्खा फोटो आणि १००% अशी अदलाबदल होते. उलट रंग, उजेड, चेहऱ्यावरचा छाया-प्रकाश ही कामं अख्खा फोटो समोर ठेवूनच. फोर-के किंवा रेटिनासारखी दाट स्क्रीन असेल तर १००% ला फोटो बारीक दिसतो, कारण तिचे पिक्सेलच बारीक असतात, तिथं २००% ला बघितलं तरी चालतं.

गिंप ह्या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये हेच सगळं आहे, बटणं वेगळी. चाकाबरोबर ऑल्ट नाही तर कंट्रोल, आकडा एक दाबला की १००%, दोन दाबला की २००%, तीन दाबला की ४००%, आणि अख्खा फोटो बसवायला कंट्रोल, शिफ्ट आणि जे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीवाल्यांना ऑल्ट आणि चाक फोटोशॉपसारखंच. फ्लेक्सवाल्यांचा जीव कोरल ड्रॉमध्ये अडकलेला असतो, तर त्यांच्यासाठी एफ २ भिंग, एफ ३ लांब, एफ ४ म्हणजे टेबलावर असेल नसेल ते सगळं, शिफ्ट आणि एफ ४ म्हणजे फक्त पान, आणि शिफ्ट आणि एफ २ म्हणजे जे सिलेक्ट केलंय तेवढंच. एफ ४ दाबल्यावर डिझाईन एकदम मुंगीएवढं झालं तर घाबरू नका, पानाच्या बाहेर लांब कुठंतरी एखादा विसरलेला ठिपका पडलेला असतो, त्याला शोधून डिलीट मारा.

मोबाईलवर दोन बोटं आहेतच, पण स्नॅपसीड अॅपमध्ये एक गोष्ट बघा. डाग काढायच्या हीलिंगमध्ये ब्रश लहान-मोठा करायला वेगळं बटण नाही. बोट तेवढंच राहतं, झूम केलं की फोटोच्या मानाने ब्रश बारीक होतो. मोठा डाग असेल तर लांबून पुसा, डोळ्याजवळचा बारीक असेल तर आधी आत जा आणि मग बोट लावा. आत गेल्यावर कोपऱ्यात छोटा फोटो आणि त्यात चौकोन येतो, तो ओढून फिरायचं, कारण फोटोवर एक बोट ठेवून ओढायला गेलात तर तो सरकत नाही, तिथं हीलिंगचा पट्टा ओढला जातो.